सातवी पायरी

सहा मिनिटं मी एकदाही न अडखळता बोललो आणि त्यातलं एक अक्षरही रेकॉर्ड झालं नाही. चित्र होतं सगळं. बाण इकडून तिकडे फिरतोय, चौकटी उघडताहेत, पेशंटचं नाव, वय, वजन भरलं जातंय, आणि आवाजाच्या नावानं ठणठणाट. मी आवाज वाढवला, कानातलं काढून पुन्हा घातलं, मागे गेलो, पुढे गेलो. काही नाही. मग खुर्चीत मागे रेलून मी चक्क हसलो. त्रेचाळीस वर्षं या तोंडानं माझी जी शोभा करायची ती केली, आणि आज, नेमकं आज, सकाळी साडेदहाला, बंद खोलीत ते पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलं, तर ऐकायला कुणीच नव्हतं. वा रे नशीब, म्हटलं.

मी तोतरा आहे. आधीच सांगून टाकतो, कारण समोरासमोर असतो तर तुम्हाला पहिल्याच वाक्यात कळलं असतं. मनात मी फाडफाड बोलतो, भांडतो, टोमणे मारतो, एकेकाची अशी हजेरी घेतो की ऐकणाऱ्यानं कानाला हात लावावेत. तोंडापर्यंत येताना मात्र काही अक्षरं ओठांवर ठाण मांडून बसतात. त्यातलं सगळ्यात हरामखोर अक्षर म्हणजे प. वडिलांनी माझं नाव नेमकं त्याच अक्षरावरून ठेवलं, आता बोला! शाळेत नवीन बाई आल्या की प्रत्येकाला उभं राहून नाव सांगायला लावायच्या. माझी पाळी तीन बाक दूर असतानाच माझे तळवे ओले व्हायचे. एकदा मी सरळ शेजारच्या मुलाचं नाव सांगून खाली बसलो. मग तो उठला आणि त्यानंही तेच नाव सांगितलं. वर्ग हसून लोळला, आणि मला दोन छड्या मिळाल्या, खोटं बोलल्याबद्दल. संध्याकाळी वडील म्हणाले, “अरे, स्वतःचं नाव सांगायला काय होतं तुला? तोंडात जीभ आहे की चिंधी?” आई म्हणाली, “राहू द्या हो, येईल हळूहळू.” ते काही आलं नाही. मी शब्द बदलायला शिकलो. पाणी मागायचं नाही, तहान लागलीय म्हणायचं. परवा म्हणायचं नाही, दोन दिवसांनी म्हणायचं. यात मी इतका तरबेज झालो की लग्नानंतर सहा महिने बायकोला वाटत होतं, हा माणूस विचार करून बोलतो.

आवाज कुठे गेला ते शोधायला अर्धा तास गेला. रात्रीतून रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आपोआप नवा झाला होता आणि नवा होताना त्यानं माझ्या कानाला लावलेला माईक सोडून पडद्याच्या वर बसवलेल्या, महिनाभर बंद पडलेल्या कॅमेऱ्याचा माईक धरला होता. कॉम्प्युटर विभागात फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, “सर, बंद करून चालू केलंत का?” केलं म्हटलं. “मग परत एकदा करा.” या लोकांना पगार याच वाक्याचा मिळतो. शेवटी मीच सगळ्या याद्या उघडून बघितल्या, माईक बदलला, एक-दोन-तीन म्हणून बघितलं. पडद्याच्या तळाशी हिरवी रेघ थरथरली. आपला आवाज असा थरथरताना दिसला की मी अजूनही नजर दुसरीकडे वळवतो.

काम तसं साधं. हॉस्पिटलच्या प्रशिक्षण विभागात मी नर्सेससाठी शिकवणीचे व्हिडिओ करतो. पडद्यावर मी जे करतो ते जसंच्या तसं टिपायचं, त्यावर आपला आवाज घालायचा, आणि लिंक सगळ्या वॉर्डांना पाठवायची. तोतऱ्या माणसाला हे काम कसं दिलं, असं कुणालाही वाटेल. पण मीच मागून घेतलं. वर्गात उभं राहून शिकवताना अडखळलं तर अडखळलं. व्हिडिओत तसं नसतं. अडलेलं वाक्य पुन्हा म्हणता येतं, आणि जे फसलं ते कापून फेकता येतं. कापायच्या प्रोग्रॅममध्ये आपला आवाज डोंगरासारखा उंचसखल दिसतो, आणि जिथे मी अडतो तिथे कंगव्याचे दाते उभे असतात. ते दाते मी आधी काढतो. सात वर्षांत माझ्या दोनशेच्या वर व्हिडिओंत एक दाता शिल्लक नाही. नव्या मुली भेटल्या की म्हणायच्या, “सर, तुमचा आवाज किती छान, शांत!” आणि मी नुसता हसायचो, कारण तोंड उघडलं असतं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

आजचा व्हिडिओ मात्र नवा नव्हता. महिन्याभरापूर्वी केलेलाच पुन्हा करायचा होता. रक्त पातळ करणारं औषध पंपातून थेंबथेंब सोडतात, त्या पंपाचा नवा प्रोग्रॅम आला होता. बारा पायऱ्या. त्यातली सातवी अशी, की वजनाच्या आकड्याशेजारी प्रोग्रॅम उघडताना पौंड दिसतं, कारण तो बनवणाऱ्यांचे काटे पौंडांचे. आमचे काटे किलोचे. तेव्हा आकड्याच्या बाजूच्या छोट्या बाणावर क्लिक करून पौंडाचं किलो करायचं, प्रत्येक पेशंटला, दर वेळी. एवढंच. ही पायरी माझ्या व्हिडिओत नव्हती. पाच वेळा मी ते वाक्य म्हणायला गेलो आणि पाचही वेळा पौंडाच्या प वर घोडं अडलं. चिडलो. पाचही तुकडे चित्रासकट उचलून कापून टाकले. म्हटलं जरा चहा पिऊन येतो, मग हे वाक्य चांगलं म्हणून मधे जोडू. परतलो तर टेबलावरचा फोन वाजत होता. आमच्या विभागाच्या मॅडम. “झाला का व्हिडिओ? सगळे वॉर्ड थांबलेत.” झाला म्हटलं. एकदा चालवून बघितला, पण आवाज बंद करून. मी नेहमीच आवाज बंद करून बघतो. स्वतःचा आवाज मला ऐकवत नाही. चित्रात काही खटकलं नाही, सहावीवरून आठवीवर उडी कशी गुळगुळीत गेली होती. मी तो चढवला आणि जेवायला गेलो.

बाकीच्या नर्सेसचं काही बिघडलं नाही. त्यांचा पंपावर हात धरून एक वर्गही झाला होता, त्या किलो करायला शिकल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरची एक सिस्टर त्या दिवशी रजेवर होती, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून. तिला सांगितलं, व्हिडिओ बघून घ्या. तिनं बघून घेतला. नीट, मन लावून. मग एक दिवस घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा तिच्या वॉर्डात आले, वजन चौसष्ट. तिनं चौसष्ट लिहिलं. प्रोग्रॅमनं चौसष्ट पौंड वाचले, आणि आजोबांना दोन दिवस निम्म्याहून कमी औषध जात राहिलं. डॉक्टरांनी सही करताना आकडा बघितला; आकडा बरोबरच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पायातली गुठळी फुफ्फुसात गेली. आजोबांनी चहा मागितला होता, कप यायच्या आत ते गेले. ही गोष्ट पंधरा दिवसांपूर्वीची. सिस्टर तेव्हापासून कामावर नाही, घरी बसवलीय. आज चार वाजता चौकशी समिती बसणार, आणि दिलेलं प्रशिक्षण तिनं पाळलं नाही असं ठरलं की तिचा परवाना जाणार. अठरा वर्षांची नोकरी. एवढं सगळं मला माहीत होतं, आणि का झालं हे जगात फक्त मलाच माहीत होतं.

नाही, फक्त मलाच नाही. मॅडमना माहीत असणार. काल संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं, दार लोटून घ्यायला सांगितलं, आणि कागदांतून डोकं वर न काढता म्हणाल्या, “समितीत कुणीतरी व्हिडिओ लावायला सांगेल. तो नीट असायला हवा.”

“नीट म्हणजे?” मी विचारलं.

“नीट म्हणजे नीट. त्याच लिंकवर. उद्या चारच्या आत.” मग वर बघून म्हणाल्या, “मला तुम्हाला काही विचारायचं नाहीये, आणि तुम्हीही मला काही सांगू नका. कळलं ना?” व्हिडिओच्या मंजुरीवर सही त्यांची. मला कळलं. बाहेर आलो तेव्हा खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं. कुणीतरी हुकूम दिला होता, आणि हुकूम पाळणं मला लहानपणापासून जमतं, त्यात बोलावं लागत नाही. आणि व्हिडिओ दुरुस्त करायला हवाच होता की! उद्या दुसरी एखादी बघेल, पुन्हा तेच होईल. असं मी घरी जाताना स्वतःला सांगत होतो, आणि मनात मी कधीच अडखळत नाही, त्यामुळे ते फार पटत होतं.

आवाज आला, पण दुसऱ्यांदा रेकॉर्ड केल्यावर भलतंच निघालं. पंखा मशीनगनसारखा वाजत होता. पंखा बंद केला. खिडकी बंद केली, बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. शर्ट पाठीला चिकटला. तिसऱ्यांदा सहा पायऱ्या झाल्या, सातवीला दमानं श्वास घेतला, ओठ सैल सोडले, आणि पौंड हा शब्द जवळजवळ सबंध आला. खूश होऊन लावून बघितलं तर मी म्हणतोय, या बाणावर क्लिक करा, खाली यादी उघडेल, आणि पडद्यावर यादीच नाही! बाण जातो, थांबतो, आपोआप पौंडाचं किलो होतं. अंगावर काटा आला. पायरी बोलायला शिकलो तर दिसायला तयार नाही. मला वाटलं, काहीतरी आहे, कुणीतरी आहे, ही पायरी होऊ द्यायची नाही असं ठरवून बसलेलं. आजोबांचे घड्याळ दुरुस्त करणारे हात मी कधी पाहिले नव्हते, पण त्या क्षणी दिसले, बारीक चिमटा धरलेले. मग डोकं ताळ्यावर आलं. मी पूर्ण पडद्याऐवजी फक्त प्रोग्रॅमची चौकट टिपत होतो, आणि खाली उघडणारी यादी कॉम्प्युटरच्या लेखी त्या चौकटीत येतच नाही. ती वेगळी. पूर्ण पडदा टिपायचा, की दिसते. एवढी साधी गोष्ट, सात वर्षांत कळायला हवी होती.

पूर्ण पडदा टिपायला लागलो आणि आठव्या पायरीवर असताना कोपऱ्यात एक निरोप वर आला. सिस्टरचा. ‘सर, व्हिडिओची लिंक परत पाठवाल का? माझ्याकडची सापडत नाही. चारच्या आधी एकदा बघून घेते म्हणजे आत विचारलं तर नीट सांगता येईल.’ तो रेकॉर्ड झाला, अर्थात. माझा हात माऊसवर होता आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी अडला होता, तेही रेकॉर्ड झालं. मी थांबवलं. निरोप येणं बंद करायचं बटण असतं, ते शोधलं, दाबलं. तिला उत्तर लिहिलं, ‘तीनपर्यंत पाठवतो.’ लिहिताना मी कुठेच अडत नाही.

मग एक गोष्ट केली ती का केली मला अजून सांगता येत नाही. जुन्या व्हिडिओचं मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग माझ्या मशीनवर होतं, ते उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कानातलं घालून स्वतःचं अडखळणं ऐकलं. मला वाटलं होतं, भयंकर असेल. वडिलांचा वैतागलेला चेहरा, वर्गाचं हसणं, दुकानदारांचं दुसरीकडे बघणं, हे सगळं ज्याच्यासाठी झालं ते ऐकताना किळस येईल अशी माझी तयारी होती. प, प, प, मग एक श्वास, मग पौंड. मी वेळ बघितली. चार सेकंद. पुन्हा ऐकलं. कुणीतरी जिना चढून आल्यावर बोलतं ना, तेवढंच. बस, एवढंच? आणि पाचव्या खेपेला तर वाक्य पुरं झालं होतं. मी पाचही कापले होते, त्यात ते पुरं झालेलंही गेलं होतं. प थोडा लांबला होता, बाकी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, पौंडाचं किलो करायला विसरू नका. विसरू नका असंही म्हणालो होतो! मी कपाळ टेबलावर टेकवलं आणि तसाच बसलो. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही, नुसती कानशिलं ठणकत राहिली.

पुढचं सगळं भराभर झालं. पाचवं रेकॉर्डिंग सरळ गेलं. फाइल इतकी मोठी झाली की ती चढेचना, अर्ध्यावर येऊन लाल अक्षरं दाखवायची. लहान केली, तर पडद्यावरची अक्षरं पुसट झाली, पौंड की किलो ते वाचता येईना. चित्राचा वेग कमी ठेवला आणि अक्षरांची धार तशीच ठेवली, तेव्हा जमलं. आवाज चित्राच्या पाव सेकंद मागे पडत होता, तो पुढे ओढला. मान मोडून काम करत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती. अडचण आली की सोडवायची, पुढची आली की तीही सोडवायची, त्यात दुसरं काही आठवत नाही. अडीच वाजता त्याच लिंकवर नवा व्हिडिओ चढवला आणि लिंक उघडली, तर जुनाच! पुन्हा उघडली, जुनाच. सहावी, आठवी. कॉम्प्युटर विभागाला फोन केला.

“सर, जुनी प्रत सर्व्हरला धरून बसलीय,” तो म्हणाला. “आपोआप जायला उद्या उजाडेल. हातानं पुसू का?”

“पुसा,” मी म्हणालो.

“पूर्ण पुसली जाईल हं. मागाहून काढता येणार नाही. राहू दे का एक बाजूला, लागली तर?”

इथे थांबता आलं असतं. त्यानं विचारलं होतं, अगदी सरळ विचारलं होतं, आणि मला फक्त राहू दे म्हणायचं होतं. र वर मी कधीच अडत नाही. मी म्हणालो, “पुसून टाका.” पाच मिनिटांत लिंक उघडली तर सातवी पायरी आपल्या जागी होती, माझा शांत आवाज तिथेही शांत होता. लिंक सिस्टरला पाठवली. उघडते का, परवानगी मागते का, हेही विचारलं. ‘उघडली सर, थँक यू,’ तिनं लिहिलं.

पावणेचारला मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. मला बोलावलं होतं, गरज लागली तर म्हणून. सभागृहाबाहेरच्या बाकावर ती एकटी बसली होती, साध्या कपड्यांत. गणवेशाशिवाय मी तिला पहिल्यांदा बघत होतो, त्यामुळे आधी ओळखलंच नाही. तिच्या एका हातात फोन होता आणि मांडीवर वही उघडी होती. मी शेजारी बसलो. तिनं फोन माझ्यापुढे केला. चित्र सातव्या पायरीवर थांबवलेलं.

“आहे की हो सर,” ती म्हणाली.

मी त्या थांबलेल्या चित्राकडे बघितलं.

“मला वाटत होतं नसेल. पंधरा दिवस मी घरात सगळ्यांना सांगतेय, नव्हतं हो त्यात, मी सहा वेळा बघितलाय. मिस्टर म्हणाले, मग तसं सांग की तिथे. म्हणून म्हटलं बघून जाऊ.” तिनं वही माझ्याकडे वळवली. निळ्या शाईत, एकाखाली एक, आकडे घालून लिहिलेल्या पायऱ्या. “हे बघा. माझ्या अकराच आहेत. तुमच्या बारा. लिहिताना कुठेतरी डोळा लागला असेल, नाहीतर फोन आला असेल आईचा. काय झालं काही आठवतच नाही मला.” ती रडत नव्हती. आवाज अगदी साधा होता, वॉर्डात ताप सांगतात तसा. “म्हणजे माझ्यामुळेच गेले ते आजोबा. इतके दिवस मला वाटायचं, नाही, कुणाचीतरी दुसऱ्याची... जाऊ दे. आता आत सांगून टाकते. उगीच वाद कशाला.”

मी तोंड उघडलं. मला पायरी म्हणायचं होतं. पायरी नव्हती, ती मी आज घातली. ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. प, प. खरं तर दुसरा शब्द घ्यायचा असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असेल? ती नव्हती म्हणता आलं असतं. जुना व्हिडिओ वेगळा होता, माझी चूक झाली, तुमचा काही दोष नाही, शंभर वाक्यं होती, सगळी मोकळी, एकातही अडण्यासारखं काही नव्हतं. मला ती सगळी त्याच क्षणी सुचली होती. आयुष्यभर प टाळत आलेला मी, त्या बाकावर बसून प लाच धरून राहिलो. अडकलो नव्हतो. धरून राहिलो होतो.

आणि ती थांबली. लोक थांबत नाहीत. कुणी माझं वाक्य स्वतःच पुरं करतं, कुणी घड्याळ बघतं, बायकोसुद्धा मान हलवून घाई करते. सिस्टरनं फोन उलटा ठेवला, माझ्याकडे वळून बसली आणि माझ्या तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघत राहिली. पेशंटचा श्वास लागला की बसत असेल तशी. तिला कसलीच घाई नव्हती. दार उघडलं, आतला शिपाई म्हणाला, “चला सिस्टर, बोलावलंय.”

“एक मिनिट हं,” ती त्याला म्हणाली. “सर काहीतरी सांगताहेत.”

शिपाई दार धरून उभा राहिला. आत चार माणसं आणि मॅडम टेबलाशी बसलेली दिसत होती. भिंतीवरच्या पडद्यावर माझा व्हिडिओ तयार होता.

“काही नाही,” मी म्हणालो. एका दमात, अगदी सरळ.

“बरं,” ती म्हणाली, वही मिटली, आणि आत गेली.